कासाराच्या लेकीचं राहून गेलेलं बोलणं

हातात चार अक्षता घ्या बायांनो, आणि कहाणी सरेपर्यंत गप्प बसा. दुसऱ्या कहाण्यांत कुणी मध्ये बोललं तर मी डोळे वटारते नि सोडून देते. या कहाणीत मध्ये बोलणं हाच दोष आहे. ऐक तर कासाराच्या लेकी, तुझी कहाणी.

आटपाट म्हणावं असं एक नगर, नगराला नदी, नदीला उतार. तिथं दोघे भाऊ कासार राहत. थोरला विसोबा, धाकटा कान्होबा. विसोबाची बायको म्हाळसा, त्यांची लेक मंजुळी, नऊ वर्षांची. कान्होबाची बायको राही, तिला मूलबाळ नाही. भाऊ एका पेटाऱ्यातल्या बांगड्या विकत, जावा एका चुलीवर रांधत. मंजुळी आईपाशी जेवी आणि काकूपाशी निजे.

पुढं काय झालं? म्हातारी सासू वारली. तेराव्याची पंगत उठली आणि चौदाव्या दिवशी भाऊ भांडले. नदीअलीकडची गावं कुणी फिरायची नि पलीकडची कुणी? पेटारा घेऊन नदी ओलांडणं म्हणजे जिवावरचं काम. धाकटा म्हणाला, "माझी कंबर धरते, मी नावेत बसायचा नाही." थोरल्याला ताठा भारी. तो म्हणाला, "घे अलीकडची. मला पलीकडची पुरतील." मग चुली दोन झाल्या. माजघरात मधोमध मातीची भिंत घातली, रागाच्या भरात, घाईघाईनं, पायासुद्धा खणला नाही. मंजुळी भिंतीच्या या बाजूला राहिली, काकू त्या बाजूला. पोर दुपारभर भिंतीला कान लावून बसे.

आता कासाराचं काम कसं? बाईचा हात हातात घ्यावा, बोटं जुळवावी, अंगठ्याखाली दाबून दाबून मऊ करावा, मग काकण चढवावं. भाऊ तुटला, हात कमी पडले, म्हणून विसोबानं लेकीला हाताशी घेतलं. मंजुळीनं पहिला हात धरला तो पाटलाच्या सुनेचा. हात दाबला तसा पोरीच्या डोळ्यांपुढं पाळणा हलला. ती म्हणाली, "वैनी, तुमच्या घरी पाळणा हलतोय." सून लाजली, आणि महिन्याभरात तिला दिवस गेल्याचं कळलं. दुसरा हात धरला तो तेलिणीचा. "मावशी, तुमची हरवलेली गाय केवड्याच्या बनात अडकलीय." तेलीण धावत गेली, बघते तो गाय तिथंच. मंजुळीला वाटलं, सगळ्याच कासारांना हे दिसत असेल. हात धरला की दिसायचंच.

मग तिसरा हात आला. तो आईचा.

श्रावणातला गुरुवार होता. म्हाळसा म्हणाली, "मंजुळे, उद्या सण. तुझ्या हातानं मला चुडा भर." पोरीनं आईचा हात घेतला, दाबला, आणि सोडून दिला. पुन्हा घेतला, पुन्हा सोडला. तिसऱ्यांदा कसाबसा चुडा भरला आणि म्हणाली, "आई, तुझा हात रिकामा दिसतो गं. नदीचं पाणी तांबडं आहे. बाबा नावेत चढतात आणि..." म्हाळसेनं तिच्या तोंडावर हात ठेवला. कासाराच्या घरी काकण पिचलं तरी फुटलं म्हणत नाहीत, वाढलं म्हणतात. तिथं हे असलं बोलणं? ती म्हणाली, "पुरे. जिभेला काही हाड आहे की नाही?" तिला ऐकू आलं होतं बायांनो. कळलंही होतं. भ्याली, म्हणून पोरीला गप्प केलं.

मग मंजुळी बापाकडे गेली. तो काकणांच्या माळा ओवत बसला होता. "बाबा, उद्या तुम्ही नावेत..." बाप हसला. म्हणाला, "आता हात बघायला लागलीस होय? कासाराच्या पोरीनं हात बघावा तो मापापुरता."

मग मंजुळी भिंतीला वळसा घालून काकाच्या दारी गेली. "काका, बाबांना अडवा. ते नावेत..." काका म्हणाला, "आईनं पढवून धाडली वाटतं. अलीकडची गावं पाहिजेत तर सरळ मागा म्हणावं." काकू चुलीपाशी होती. तिनं मान वर केली, पोरीकडे पाहिलं, आणि पुन्हा खाली घातली. तिघांना पोर सांगायला गेली, आणि तिन्ही वेळा नावेपाशी येऊन तिचं बोलणं तुटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी विसोबा पेटारा घेऊन निघाला. म्हाळसेचा जीव थाऱ्यावर नव्हता. ती लेकीला पोटाशी धरून उतारापर्यंत आली. नाव सुटायला आली, हाक घशाशी आली. पण निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये, अपशकुन होतो, असं ती पाळण्यात असल्यापासून ऐकत आलेली. तिनं पदराचा बोळा तोंडात धरला. नाव धारेला लागली आणि उलटली. बाकीचे पोहत काठाला आले. विसोबानं पेटारा सोडला नाही. तिसऱ्या दिवशी तो खालच्या वळणावर सापडला. म्हाळसेचा चुडा, लेकीनं भरलेला, चार दिवसांचाही नव्हता. तो वाढवला.

मग काय हाल सांगू? विधवेच्या हातून काकणं कोण भरून घेणार? मंजुळीनं भरायची, तर ती कुणाचा हात धरीना. दोन्ही हात परकराच्या ओच्यात खुपसून बसे, आणि बोलणं म्हणाल तर एक शब्द नाही. म्हाळसा लोकांची दळणं दळी आणि जात्याशी डोळे पुसी. भिंतीपलीकडून कुणी विचारपूस करीना. असं वर्ष गेलं, पुन्हा श्रावण आला.

एक दिवस दारात म्हातारी उभी. अंगावर जुनेर, हात काळेभोर, सुरकुतलेले. म्हणाली, "कासारणी, मला काकणं भर." म्हाळसा म्हणाली, "बाई, माझ्या हातून चालत नाही, आणि लेक कुणाचा हात धरीत नाही." म्हातारी पोरीपुढं बसली. "माझा धर. माझ्या हातात काही दिसायचं नाही तुला." मंजुळीनं भीत भीत हात बाहेर काढले. म्हातारीचा हात दाबला. खरंच काही दिसेना, ना मागचं ना पुढचं. तशी वर्षाची मुकी पोर हुंदके देऊन रडली. ज्या हातात कुणाचं मरण नाही असा हात कुणाचा असतो? आज चौरंगावर जिला काकणं वाहिलीत ना, तिचाच तो. ती वर्षभर उशिरा का आली म्हणून मला विचारू नका. मीही तिला विचारलंय, उत्तर मिळालं नाही.

म्हातारी म्हाळसेला म्हणाली, "तुला वसा सांगते. घेशील तर उतशील, मातशील." म्हाळसा म्हणाली, "मातायला उरलंय काय माझ्यापाशी? उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही." "तर ऐक. श्रावणातले तीन शुक्रवार धरावे. लेकीला पाटावर बसवावं, हातात एक काकण घालावं, तुपाचा दिवा लावावा. 'काय दिसतं बाई?' म्हणून विचारावं. ती बोलेल ते शेवटपर्यंत ऐकावं. मध्ये बोलू नये, तोंडावर हात ठेवू नये, रडू नये. आणि जे ऐकलं ते ज्याचं त्याला पोचवावं." म्हाळसेनं नमस्काराला मान वाकवली, वर बघते तो म्हातारी नाही.

पहिला शुक्रवार आला. म्हाळसेनं विचारलं, "काय दिसतं बाई?" पोर बोलली नाही. दिवा विझेपर्यंत आई समोर बसून राहिली.

दुसरा शुक्रवार आला. "काय दिसतं बाई?" पोर म्हणाली, "सकाळी देवळात काकूनं माझ्या हातावर प्रसाद ठेवला. काकूचा हात रिकामा दिसला. काका दुपारचा भिंतीशी निजलाय. भिंत ओली आहे. ती हलते, आणि काकाच्या अंगावर बसते." म्हाळसेनं शेवटपर्यंत ऐकलं. मग एका वाईट विचारानं तिच्या मनात डोकावलं, बसू दे की. आलाच तो विचार, का खोटं बोलू? आला नसता तर ती देवी झाली असती, बाई कशाला राहिली असती? पण वसा घेतला होता. तशीच अनवाणी उठली, भिंतीला वळसा घालून जावेच्या दारी गेली.

राही म्हणाली, "वैनी, सणाचं इकडे कशाला आलात?" म्हाळसा म्हणाली, "शिव्या मागनं दे. आधी ऐक. गेल्या वर्षी माझ्या पोरीचं तिघांनी अर्ध्यावर तोडलं, त्यातली एक मी." मग भिंतीचं सांगितलं, राहीनं मध्ये तोडलं नाही. सगळं ऐकलं. मग आत गेली, निजलेल्या नवऱ्याला हाताला धरून ओढून अंगणात आणलं. तो चिडला, बडबडला. त्याची बडबड सरली नाही तोच आत धप्प आवाज झाला. वाटणीची भिंत त्याच्या अंथरुणावर बसली होती.

कान्होबा वहिनीच्या पायांवर पडला. म्हणाला, "माझ्या हट्टापायी दादा गेला." म्हाळसेनं त्याला उठवलं. खरं होतं ते, म्हणून नाही म्हणाली नाही. भिंतीची माती परसात टाकली, चूल एक झाली, मंजुळी पुन्हा काकूपाशी निजू लागली.

मग तिसरा शुक्रवार आला. म्हाळसेनं पाट मांडला, दिवा लावला. या खेपेला आपलाच रिकामा हात लेकीच्या हातात दिला. "बाई, त्या दिवशी मी तुझं तोंड दाबलं. तुझं काय सांगायचं राहिलं होतं?" मंजुळीनं आईचा हात मऊ केला, काकण भरायचं असावं तसा. म्हणाली, "बाबा नावेत चढतात, आणि मागं वळून बघतात. एकदा बघतात, दोनदा बघतात, तीनदा बघतात. त्यांना जायचं नाहीये आई. आपण होऊन उतरायला लाज वाटते. कुणी हाक मारली तर उतरणार आहेत. एवढंच राहिलं होतं."

म्हाळसा मध्ये बोलली नाही. रडली नाही. दिवा शांत होऊ दिला. मग उठली, नदीच्या उतारावर गेली, आणि भर दुपारी, चार माणसांत, नवऱ्याला मागून हाक मारली. "मंजुळीचे बाबा, अहो, माघारी या." एकदा मारली, दोनदा मारली, तीनदा मारली. नाव काठाला बांधलेली होती, ती पाण्यावर जागच्या जागी हलत राहिली.

म्हाळसेला ऐकण्याचा वसा उशिरा लाभला, तो तुम्हां आम्हां वेळेवर लाभो. घरातल्या धाकट्याचं बोलणं अर्ध्यावर न तुटो. जाणाऱ्याला हाक ऐकू जाईल तोवरच ती तोंडातून निघो. साठ उत्तरांची कहाणी पाच उत्तरांत सांगितली, ती देवाब्राह्मणांच्या दारी, गाईच्या गोठी, नदीच्या उतारी सुफळ होवो, संपूर्ण होवो. वाहा आता अक्षता. आणि ज्यांच्या लेकी अंगणात आहेत, त्यांनी आधी त्यांना हाक मारा.