गुंतवळाची फासकी

खोकडमाळावर हिव पडलं की माळ ओळखू येत नाही. पौष निम्मा सरतो, एखाद्या रात्री वारा अचानक पडतो, आभाळ घासलेल्या परातीसारखं लख्ख होतं, आणि पहाटे गवतावरचं दहिवर जागच्या जागी गोठतं. काड्या पांढऱ्या, कुंपणं पांढरी, खळ्यातला उरलासुरला पेंढाही पांढरा. हल्ली हे बघायला खालून गाड्या येतात. पाहुणे कानटोप्या घालून, हात काखेत धरून माळभर हिंडतात, फोटो काढतात, आणि हिंडता हिंडता करवंदीच्या जुन्या जाळीपाशी कोणीतरी थबकतंच. तिथं सुपाएवढी एक गोल जागा आहे. भोवती सगळं पांढरं, आणि तेवढ्या गोलात गवत ओलं, हिरवट, उघडं. हिव तिथं धरत नाही.

गावचे नावजीबाबा पाहुण्यांना त्या गोलातून बाजूला व्हायला सांगतात, चपला लांब काढायला लावतात, काठीवर दोन्ही हात ठेवतात आणि मग बोलायला लागतात.

फार पूर्वी, असे सांगतात, या माळावर हैबती नावाचा माणूस राहत होता. फासक्या लावण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. निदान तो स्वतः तसं सांगायचा. हिवाच्या दिवसांत सशांना खायला उरत नाही. हरभऱ्याच्या वासाने ते कुंपणाच्या फटींतून आत शिरतात, आणि ससा हा असा प्राणी की एकदा धरलेली वाट सोडत नाही. त्या फटीत, जमिनीपासून मूठभर उंचीवर, घायपाताच्या वाखाच्या दोराची सरकगाठ, म्हणजे फासकी, लावायची. ससा मान घालतो, गाठ आवळते. सोपं काम. फक्त हिवात दोर काठीसारखा ताठ होतो आणि गाठ सरकत नाही, म्हणून दोराला मोहाच्या बियांचं तेल चोळायचं. हे हैबतीच्या बापाने केलं, बापाच्या बापाने केलं.

हैबतीच्या घरात एक नेमही होता. हिवाच्या सकाळी फासकीत सापडलेला पहिला जीव हिवाईचा. हिवाई म्हणजे माळाच्या टोकाला उंबराखाली बसलेली देवी. तो जीव तिला दिला, की मगच नव्या सुनेने चुलीला हात लावायचा. तोवर सुनेने पाणी आणावं, शेण काढावं, दळावं, कांडावं आणि ओट्यावर बसावं. भाकर तिला बाहेर मिळे. शिमग्यापर्यंत जीव सापडलाच नाही, तर सुनेचा पायगुण वाईट म्हणून तिला माहेरी धाडायचं. तशी वेळ कधी आली नव्हती, आणि म्हणूनच त्या नेमाचा कोणाला त्रास नव्हता.

त्या वर्षी मार्गशीर्षात हैबतीच्या देवजीचं लग्न झालं आणि पुनी सून म्हणून आली. पुनी कमी बोलायची. माहेरी तिला घुमी म्हणत, सासरी गरीब म्हणू लागले. दोन्ही खरं नव्हतं. ती बघत बसायची, इतकंच.

पहिलं हिव पडलं. हैबती आणि देवजी फासक्या बघायला गेले, आणि रिकाम्या हाताने आले. दोर तुटले होते. हैबती म्हणाला, थंडीने पिचले असतील. दुसऱ्या हिवालाही तुटले. तिसऱ्यालाही. मग तो येता-जाता सुनेच्या पावलांकडे बघू लागला. सासू चुलीपाशी बसून आल्यागेल्याला सांगायची की पोरगी कामाला चांगली आहे, पण काय करणार. त्या 'काय करणार'ला ओट्यावर बसून उत्तर देता येत नाही. पुनी जात्याचा खुंटा अधिक जोराने फिरवायची.

पण नेमाने तिला बाहेर बसवलं होतं, आणि बाहेरून माळ दिसत होता. हिव पडलेल्या माळावर काही लपत नाही, असे सांगतात. पाऊल पडलं की तिथलं पांढरं पुसलं जातं. तांबडं फुटायच्या सुमाराला पुनीला दर हिवाला एक काळी रेघ दिसायची. ती ओढ्याकडून यायची, पहिल्या फासकीला थांबायची, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. जणू कोणी बाई संक्रांतीचं वाण घेऊन घराघरांतून निघाली आहे. सशांच्या उड्यांच्या खुणा त्या रेघेवरून गेलेल्या, म्हणजे नंतरच्या. शेणाची पाटी घेऊन ती तिकडून गेली आणि तुटलेला दोर उचलून बघितला. टोक पिचलेलं नव्हतं, चघळलेलं होतं. ओलं होतं, आणि तेलाचा वास येत होता.

तिने देवजीला सांगितलं. खोकड येतं, ते लहानखुरं कोल्हं, दोरावरचं तेल चाटतं, चाटता चाटता दोरच कुरतडतं. ससा मग मोकळ्या वाटेने हरभऱ्यात जातो. तेल लावू नका.

देवजी माणूस वाईट नव्हता. त्याने ते बापाला सांगितलं, फक्त सांगताना हसला. हैबती हसला नाही.

"माझ्या बापानं तेल लावलं तवा खोकडं न्हवती व्हय रानात? आता शहाणपणबी माहेराहून आंदण आलंया."

आणि त्याने दोर पुन्हा तेलात बुडवले. त्या वर्षी मोह उदंड आला होता, घरात तेलाची गाडगी भरून होती. आधी बोटाने चोळायचे तिथं आता मुठीने चोळू लागले. दुसऱ्या सकाळी फासक्यांची गाठसुद्धा शिल्लक राहिली नाही. देवजी या वेळी हसला नाही. हैबतीने मात्र उंबरठ्यावरच्या सुनेच्या पाऊलखुणांवर शेण फिरवायला लावलं.

दिवस जात राहिले. हरभरा घाट्यांवर आला. शिमगा महिन्यावर आला, आणि सासू पुनीच्या माहेरची वाट कशी आहे, बैलगाडी जाते का, असं सहज विचारू लागली. पुनीला रडू आलं नाही. तिला राग आला, आणि राग काढायला जागा नव्हती, म्हणून ती केस विंचरायला बसली.

त्या काळी बायका गुंतवळ टाकत नसत. फणीत निघालेले केस गोळा करून भिंतीच्या भोकात ठेवायच्या. सुया-पोत विकणारी वैदीण दारावर आली की तिला केस देऊन त्या बदल्यात सुया-पोत घ्यायच्या. पुनीने भोकातला गुंतवळ बाहेर काढला. माहेराहून आणलेला होता, इथं निघालेला तर जास्तच होता. त्या हिवाळ्यात तिचे केस फार गळले, म्हणे. तिने तो मांडीवर घेतला आणि दोर वळतात तसा पीळ दिला. केसांचा दोर हिवात ताठ होत नाही. त्याला तेल लागत नाही.

संध्याकाळी शेळ्या आणायला गेली तेव्हा तिने करवंदीच्या जाळीतल्या फटीत ती फासकी लावली. उंची मूठभर. बघून बघून तेवढं तिला येत होतं.

रात्री वारा पडला. पहाटे माळ पांढरा झाला. पुनी कोणाला न सांगता निघाली, आणि जाळीजवळ पोचायच्या आधीच तिला कळलं की फासकीत काहीतरी आहे.

ससा नव्हता. खोकड होतं.

पुढचा पाय अडकला होता. काळ्या टोकाची शेपटी अंगाभोवती घेऊन ते बसलं होतं. ओढाताण करून थकलेलं असावं, कारण भोवतीचं हिव सगळं तुडवून पुसलं गेलं होतं. पुनीला बघून ते गुरगुरलं नाही. त्याने तिच्याकडे बघितलं, मग तोंड फिरवून पायाभोवतीचा केसांचा दोर चाटू लागलं. चव आवडली नसावी, थांबलं. पुन्हा बसून राहिलं.

पुनीला काय वाटलं असेल, ते नावजीबाबा सांगत नाहीत. एवढंच सांगतात, की ती त्याच्यासमोर खाली बसली आणि त्या खोकडाला म्हणाली, "सगळ्या माळात आज तूच उरलं व्हतंस?"

तोवर सुनेच्या पायांची काळी रेघ धरून हैबती आणि देवजी येऊन पोचले. हिवात कोणाचंच काही लपत नाही. हैबतीने आधी जाळीत बघितलं, मग सुनेकडे.

"ससा कुठाय?"

"ससा न्हाई, मामा. दोर खाणारं घावलं."

हैबतीचा चेहरा आणखीच आवळला. सून बरोबर निघाली, हे त्याला सशापेक्षा जड गेलं, असे सांगतात. म्हणाला, देवीला खोकड चालत नाही. ससाच लागतो. हे मारून टाकायचं, आणि ही केसांची घाण माळावर पुन्हा दिसू नये. त्याने देवजीच्या हातातली काठी घेतली.

पुनी उठली नाही. बसल्या जागेवरूनच तिने हात पुढे केला आणि खोकडाच्या पायातली गाठ धरली. ते चावलं, असंही काही जण सांगतात. नावजीबाबा म्हणतात, चावलं तरी तिने सांगितलं नसतं.

"नेम ससा म्हणत न्हाई, मामा. पयला जीव म्हणतो. ह्यो पयला जीव. ह्यो देवीचा."

"मग देवीला दे की. मार."

"तुमी देवीच्या नावानं वळू सोडता. त्याला मारून देता का?"

हैबतीची काठी वर होती. देवजी, जो आजवर बापापुढे नुसता हसत आला होता, तो त्या काठीखाली जाऊन उभा राहिला. पुनीने हिवाईचं नाव घेतलं आणि गाठ सैल केली. खोकड उठलं, पाय झटकला, आणि एकदाही मागे न बघता ओढ्याकडे गेलं. त्याने पुढे उपकार फेडले, दारात ससा आणून टाकला, असं काही घडलं नाही. खोकड ते खोकडच.

हैबती घरी आला आणि सांगितलं, चुलीला हात लावायचा नाही. शिमगा झाला की गाडी जुंपायची. पुनी ओट्यावर जाऊन बसली. सासूने भाकर बाहेर दिली.

दुसऱ्या सकाळी जे हिव पडलं, तसं आधी कोणी पाहिलं नव्हतं. विहिरीच्या कडा पांढऱ्या, उंबर पांढरा, हिवाईचा दगडही पांढरा. हैबती फासक्या बघायला गेला. सगळ्या कुरतडलेल्या. तसाच तो जाळीपाशी आला आणि थांबला. जिथं खोकड बसलं होतं, जिथं गाठ सुटली होती, तेवढा गोल उघडा होता. गवतावर कण नाही. त्याला वाटलं, कोणी पुसलं असेल. पण भोवती एक पाऊल नव्हतं. त्याने शेजारचं हिव ओंजळीत घेऊन त्या गोलात टाकलं. ते पडता पडता पाणी झालं. पुन्हा टाकलं. पुन्हा पाणी. म्हातारा बराच वेळ ओंजळी टाकत होता, म्हणे.

मग तो घरी आला. ओट्यावरच्या सुनेकडे न बघता आत गेला, चुलीजवळ पाट ओढून पाठ करून बसला. सासू भाकरीचं पीठ मळत होती. तिला त्याने हाताने खुणावून उठवलं.

"सूनबाई, भाकर टाक."

पुनी आत आली. पहिली भाकर करपली; इतके दिवस हात लागला नव्हता. हैबतीने ती खाल्ली. दुसरी वाढताना पुनी म्हणाली, आता दोरांना तेल तेवढं लावू नका. हैबती घास चावत म्हणाला, बघू.

पुढे त्या माळावर हिवाच्या दिवसांत फासकी लावणं बंद झालं, ते झालंच. चुलीचा नेमही पालटला. आजही पहिलं हिव पडलं की गावात त्या वर्षी आलेल्या सुना सकाळी या गोलापाशी येतात. प्रत्येकीच्या हातात स्वतःच्या गुंतवळाची एक गाठ असते. ती इथं सोडतात, केस वाऱ्यावर देतात, घरी जाऊन भाकर टाकतात. पहिली करपली तरी कोणी बोलायचं नाही.

एवढं सांगून नावजीबाबा काठी उचलतात. कोणी पाहुण्याने विचारलंच, तर वाटेत पुढचंही सांगतात. विहिरीच्या दोरांना, गाडीच्या जुपण्यांना इथले लोक हिवाळ्यात आजही मोहाचं तेल चोळतात. बापाने चोळलं, बापाच्या बापाने चोळलं. आजही पहाटे ओढ्याकडून एक काळी रेघ येते, दारादारांत थांबते, आणि सकाळी दोर कुरतडलेले सापडतात. मग पुरुष म्हणतात, थंडीने पिचले असतील. आणि ओट्यावर दळायला बसलेल्या सुना एकमेकींकडे बघतात आणि जात्याचा खुंटा जोराने फिरवायला लागतात.