रेमेतबायच्या फेऱ्या

फार वर्षांपूर्वी, म्हणजे पानोळ्याच्या देवळात अजून बाकं आली नव्हती आणि माणसं गुडघ्यांखाली घालायला घरून गोणपाट आणीत, तेव्हाची ही गोष्ट. पानोळे हे वसईच्या पट्टीतलं गाव. पानवेली आणि केळीच्या वाड्या, प्रत्येक वाडीत विहीर, विहिरीवर रहाट. पाद्री खाडीपलीकडे राहायचा. होडी मिळाली, वारा बरा असला आणि त्याचे गुडघे दुखत नसले, तर वर्षातून एकदा यायचा. मधल्या काळात गाव देवाच्या भरवशावर असे आणि देव रेमेतबायच्या.

रेमेतबाय विधवा होती, तिला मूलबाळ नव्हतं. तिच्याकडे एक वाडी होती, एक रहाट होता आणि तो ओढणारा कपितान नावाचा रेडा होता. लिहितावाचता तिला येत नव्हतं. प्रार्थना मात्र तिच्या आजीने तिच्या कानात घातल्या होत्या आणि तिथून त्या सांडल्या नव्हत्या. सकाळी रहाट सुरू झाला की गावातली पोरं जमायची. पुढे कपितान, त्याच्या मागे पोरं आणि सर्वांच्या मागे रेमेतबाय. ‘नमो मारिया’ एका फेरीत बसायची. ‘आमच्या बापा’ला दीड फेरी लागायची. विश्वासांगीकार म्हणजे श्रद्धेची लांबलचक कबुली, तिला तीन लागायच्या आणि तिसऱ्या फेरीत लहानांना घेरी यायची. असं म्हणतात, विश्वासांगीकाराच्या पाण्यावर वाढलेल्या केळीच्या घडाला एक फणी जास्त यायची. फण्या कोणी मोजल्या नाहीत, त्यामुळे हे खोटंही ठरलेलं नाही.

पुढे जुने पाद्री वारले आणि नवे आले. ते शिकलेले होते आणि त्यांना शिस्त आवडायची. त्यांनी निरोप धाडला, ‘या खेपेला मुलांची परीक्षा घेईन. उत्तरं आली तर पहिला ख्रिस्तप्रसाद देईन. नाही आली, तर शिकवण्याचं काम बाईकडून काढून मुकादमाकडे देईन. त्यांच्याकडे प्रार्थनांचं पुस्तक आहे.’

पुस्तक होतं खरं. सांतान मुकादमाने ते लाल फडक्यात बांधून पेटीत ठेवलं होतं. त्याला ते वाचताना कोणी पाहिलं नव्हतं.

निरोप ऐकला त्या दिवशी रेमेतबाय जेवली नाही. पोरांची ती सकाळची रांग सोडली तर तिला दुसरं होतं काय?

परीक्षेच्या दिवशी अकरा पोरं न्हाऊनमाखून देवळात ओळीत उभी राहिली. पाद्री खुर्चीत बसले. पहिली फिलू. गावात सर्वांत मोठा आवाज तिचा.

“बोल पोरी, आमच्या बापा.”

“आमच्या बापा...” फिलू म्हणाली आणि थांबली. तिने पायांकडे पाहिलं. दुसरं पोर तेवढंही बोललं नाही. तिसरं रडायला लागलं.

“मी काही बोलत नाही,” सांतान मुकादम म्हणाला, “पण रेड्यामागे माणूस फिरला तर दुसरं काय शिकणार?”

दाराशी उभ्या असलेल्या रेमेतबायच्या तेव्हा ध्यानात आलं. या पोरांनी आजवर एकही प्रार्थना एका जागी उभं राहून म्हटलेली नव्हती. ती पुढे आली.

“पाद्रीबाबा, चूक माझी हाय. पोरांना येतं सगळं, पण ते त्यांच्या पायांत हाय. चालू द्या त्यांना.”

“देवळात? ही काय जत्रा आहे?”

“मग बाहेर चालू द्या. देवळाभोवती गोलच फिरायचं हाय.”

पाद्रींनी कपाळाला हात लावला आणि परवानगी दिली. पोरं निघाली ती धावतच. ‘आमच्या बापा’ पाव फेरीतच आटोपली आणि अर्धे शब्द वाटेत पडले. मुकादम हसला. एवढ्यात वाडीकडून कपितान आला. असं म्हणतात, तो दावं तोडून आपणहून आला. तो पोरांच्या पुढे जाऊन उभा राहिला आणि आपल्या नेहमीच्या चालीने देवळाला फेरी घालू लागला. पोरं त्याच्या मागे लागली. शब्द एकामागून एक सुटे, स्वच्छ येऊ लागले.

“बाई, शिकवणारी तू. मग पुढे चाल की!” पाद्री म्हणाले.

“पुढून मागचं दिसत नाय, बाबा. एखादं गळलं तर?”

पाद्री हातात आपलं पुस्तक घेऊन, शब्द न शब्द ताडून पाहत त्यांच्या सोबत चालू लागले. विश्वासांगीकाराच्या तिसऱ्या फेरीत त्यांना घेरी आली. त्यांनी भिंत धरली.

“हो, हो, कपितान!” रेमेतबायने हाक दिली. “थांबा रे पोरांनो, पाद्रीबाबा राहिले.”

रेडा थांबला. पोरं थांबली. कोणी हसलं नाही. पाद्रींनी डोळे मिटले, श्वास घेतला, भिंत सोडली आणि म्हणाले, “चला.” प्रार्थना अडली होती त्याच शब्दापासून पुढे गेली. ‘आमेन’ झालं तेव्हा देवळाची घंटा आपोआप वाजली, असं म्हणतात. तिचा दोर रेड्याच्या शिंगात अडकला होता, असंही काही जण म्हणतात. ते मुकादमाच्या घराण्यातले.

अकराही पोरांना ख्रिस्तप्रसाद मिळाला. रेमेतबायने पुढे सत्तावीस वर्षं शिकवलं.

“आणि माझ्या पुस्तकाचं काय?” मुकादमाने विचारलं होतं.

“उंदरांपासून जपा,” पाद्री म्हणाले.

आता पानोळ्यात पाणी मोटारीने येतं. धर्मशिक्षणाच्या शिक्षकांना शिबिरं आहेत, प्रमाणपत्रं आहेत आणि भिंतीवर चित्रं दाखवायचं यंत्रही आहे. तरी पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या आदल्या रविवारी मुलं देवळाभोवती रेमेतबायच्या फेऱ्या घालतात. शिक्षक मागे चालतात. रेडा आता मिळत नाही, म्हणून पुढे गावातलं सर्वांत सावकाश चालणारं माणूस ठेवतात. या मानासाठी म्हाताऱ्यांत चुरस असते. धडधाकट माणसंही त्या महिन्यात काठी घेऊन हिंडतात.

गेल्या वर्षी हा मान शहाऐंशी वर्षांच्या इनासबाबांना मिळाला. पाहुणे म्हणून बिशप आले होते, तेही रांगेत होते. तिसऱ्या फेरीत इनासबाबा पायरीवर बसले. रांग थांबली. ऊन चढलं होतं. बिशपांबरोबर आलेल्या तरुण फादरने घड्याळ पाहिलं आणि शेजारच्या मुलीला हळूच विचारलं, “आपण पुढे जायचं का?”

“नाही फादर,” ती म्हणाली, “अजून सगळे आलेले नाहीत.”

इनासबाबांनी घाम पुसला, ते पाणी प्यायले आणि काठी टेकून उठले.