किडेबाई आणि बुडणारी वाटी

फार पूर्वी, वांग्यांसाठी दहा कोसांत नावाजलेलं एक गाव होतं. तिथे राजा नव्हता. दर तीन वर्षांनी लोक मडक्यात चिंचोके टाकून गावप्रमुख निवडत. गावच्या सभेचा एक नियम होता. कुणी बोलायला उभं राहिलं की पाण्यात भोकाची वाटी सोडायची. वाटी बुडाली की बोलणाऱ्याने बसायचं, मग तो कितीही मोठा असो.

त्या गावात एक विदुषी राहत होती. चार वर्षं ती मडक्यांत वांग्यातल्या अळ्या पाळत होती, म्हणून गाव तिला किडेबाई म्हणे. अळ्यांशी तिची चांगली ओळख होती, माणसांशी बेताचीच. अळ्यांचा फडशा पाडणारी मुंगीएवढी एक माशी तिला सापडली होती. आता ती माशी मळ्यात सोडून बघायला तळ्याकाठची पडीक जमीन हवी होती. ती मिळाली नाही, तर चार वर्षांची मेहनत मडक्यातच राहणार होती. आणि नेमकी तीच जमीन जत्रेचे पाळणेवालेही मागत होते.

किडेबाई सभेत उभी राहिली. किडा कशाला म्हणावं इथपासून तिने सुरुवात केली. मग त्याचं डोकं, मग पाय. पाय संपतायत तोच वाटी बुडाली.

"बाई, पाय झाले," गावप्रमुख जांभई आवरत म्हणाला. "पंख पुढच्या महिन्यात ऐकू. जमिनीचा निकालही तेव्हाच."

किडेबाई धुसफुसत घरी आली. शेजारची वांगी विकणारी म्हातारी ओट्यावर बसली होती.

"गाढवापुढे वाचली गीता, मावशी."

"गाढव कोण ते मागाहून ठरवू," म्हातारी म्हणाली. "मी गिऱ्हाइकाला वांग्याचं कूळ सांगत बसत नाही. भरीत करायचंय का भरून करायचंय, ते आधी विचारते. तू प्रमुखाला काय विचारलंस? आणि त्याला तिथे बसवलं कुणी? आम्ही मळेवाल्यांनी. आमच्या मळ्यात कधी पाऊल टाकलंस?"

किडेबाईला हे लागलं, कारण ते खरं होतं. महिनाभर ती म्हातारीबरोबर मळे हिंडली आणि बोलली कमी, ऐकलं जास्त. प्रमुख जिथून निवडून आला, त्या आळीत वांगी सर्वांत जास्त किडत होती. तिथले लोक रोज त्याच्या दारात कुरकुरत होते.

पुढच्या सभेला ती त्याच आळीतल्या मळेवाल्यांना घेऊन आली. वाटी पाण्यात पडताच तिने टोपलीतली पाच वांगी चिरली. दोन किडकी निघाली.

"ही तुमच्या आळीतली," ती म्हणाली. "अळ्या मारणारी एक माशी मळ्यात सोडून बघायला तळ्याकाठची जमीन दोन वर्षांसाठी द्या."

"दोन वर्षांत कीड जाईल याची हमी देता?" प्रमुखाने विचारलं.

सभा कान देऊन ऐकू लागली. मळेवाले डोळ्यांनी खुणावत होते, हो म्हण. एक 'हो' म्हटलं की जमीन पदरात पडणार होती. किडेबाई प्रमुखाकडे बघून म्हणाली,

"हमी नाही. मडक्यात दहांतल्या सात अळ्या मेल्या. मळ्यात काय होतं ते बघायलाच जमीन मागतेय. जमलं नाही, तर तेही इथेच येऊन सांगेन."

एवढं बोलून ती बसली. वाटी अजून तरंगत होती. असं त्या सभेत कधी घडलं नव्हतं.

"उरलेल्या वाटीत मी बोलते, दादा," म्हातारी उठून म्हणाली. "पाळणा वर्षातून एकदा फिरतो. वांगं रोज शिजतं."

सभा हसली. प्रमुखही हसला, आणि त्याने जमीन दिली. सगळी नाही, निम्मी. उरलेल्या निम्म्या जागेत पाळणे फिरले.

दोन वर्षं दर हंगामाला किडेबाई सभेत जाऊन काय जमलं आणि काय फसलं ते सांगत राहिली. हळूहळू पाचांतली दोन किडकी वांगी दहांतल्या एकावर आली.

मग चिंचोके पडले आणि प्रमुख बदलला. पहिल्याच सकाळी किडेबाई टोपली घेऊन नव्या प्रमुखाच्या दारात उभी.

"काय मागायला आलात?" त्याने सावधपणे विचारलं.

"आज काही नाही. तुमच्या आळीतल्या मळ्यांचं कसं चाललंय, ते विचारायला आले."

नव्या प्रमुखाने तिला बसायला पाट दिला आणि प्रमुखपदाबरोबर घरी आलेली भोकाची वाटी आपल्या हाताने पालथी घातली.

तात्पर्य काय, तर ज्ञानासाठी हात पसरायचा तर आधी समोरच्याची अडचण ऐकावी, मग आपलं थोडक्यात आणि खरं तेवढंच सांगावं. आणि काही मागायचं नसेल तेव्हाही त्याच्या दारी जावं.