पाणपोईवरचा म्हाळप्पा

कृष्णाकाठच्या एका बाजारगावात म्हाळप्पा नावाचा गुळाचा व्यापारी राहत असे. वय झालं तशी त्याने पेढी मुलाच्या, शिवलिंगाच्या, हाती सोपवली आणि वेशीबाहेर पाणपोई घातली. तिथे त्याला सोबतीही मिळाले. अत्तर विकणारा काशीमभाई, बांगड्या भरणारी चंद्राक्का आणि गुडघे धरल्यामुळे मेंढरं सोडलेला बिरू धनगर. एकाची बोली दखनी, दुसरीची कानडी, तिसऱ्याची रानातली. सकाळी रांजण भरायचे, वाटसरूंना पाणी द्यायचं आणि उरलेला वेळ भांडायचं. पावसाने कोणत्या साली दगा दिला, कुणाच्या लग्नात हत्ती आला होता, यावर त्यांचे वाद तासन्‌तास चालत. हरेल त्याने दुसऱ्या दिवशी जास्तीच्या घागरी आणायच्या. म्हणून कुणी सहजी हरत नसे.

शिवलिंगाचा बापावर जीव होता. पण एकदा परगावचा अडत्या पेढीवर आला आणि हसून म्हणाला, "वेशीवर एका म्हाताऱ्याने पाणी पाजलं. ते तुमचे वडील निघाले की हो."

शिवलिंगाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. संध्याकाळी तो बापाला म्हणाला, "अप्पा, उद्यापासून पाणपोईवर गडी बसेल. तुम्ही जन्मभर राबलात. आता माडीवर आराम करा."

"मी राबतो कुठं? चौघांत बसतो एवढंच," म्हाळप्पा म्हणाला.

"ऊन बाधेल तुम्हाला. आणि लोक मला नावं ठेवतात."

दुसरं कारण ऐकून म्हाळप्पाने वाद घातला नाही. मुलाला कमीपणा नको, म्हणून तो माडी चढला.

शिवलिंगाने काही कमी पडू दिलं नाही. मऊ गादी, वेळेवर दूधभात, पाय चेपायला गडी. काशीमभाई एकदा चंद्राक्काला आणि बिरूला घेऊन भेटायला आला. शिवलिंगाने दारातच सांगितलं, "अप्पांना विश्रांती हवी. बोलले की ते दमतात." पुन्हा आले तेव्हाही त्याने तेच सांगितलं. गरीब असली तरी मानी माणसं ती. मग आली नाहीत. वर माडीवर म्हाळप्पा वाट पाहत राहिला. आपल्याला सगळे विसरले असं त्याला वाटलं, आणि हळूहळू तो कुणाला काही विचारेनासाच झाला.

आधी शब्द अडू लागले. मग सकाळ की संध्याकाळ ते उमजेना. जेवून उठला की तो पुन्हा ताट मागू लागला. एके दिवशी शिवलिंग जवळ बसला, तर त्याच्याकडे पाहून म्हणाला, "मालक, माझा मुलगा कधी यायचा?"

शिवलिंग हादरला. त्याने वैद्यांना बोलावलं. नाडी पाहून वैद्य म्हणाले, "काही आजार वयाबरोबर येतात, त्यांना कुणी अडवू शकत नाही. पण एक सांगा, दिवसभरात यांच्याशी बोलतं कोण?"

"चार गडी आहेत सेवेला."

"ते 'हो मालक' म्हणतात. यांच्याशी वाद कोण घालतं?"



दुसऱ्या दिवशी शिवलिंगाने बापाचा हात धरला आणि स्वतः त्याला पाणपोईवर नेलं. तिथे बिरू एकटाच बसला होता. काशीमभाई लेकीकडे विजापूरला निघून गेला होता. चंद्राक्का पावसाळ्यात वारली होती.

शिवलिंगाने हात जोडले. "बिरूकाका, तुम्हाला दारातून परत धाडणारा मी. अप्पांना ठाऊकसुद्धा नव्हतं."

बिरूने हातातला तांब्या खाली ठेवला. मग म्हणाला, "चंद्राक्का जाताना इचारत हुती. म्हाळप्पा आमच्यावर रागावला का, म्हणून."

एवढं बोलून तो सरकला आणि त्याने म्हाळप्पाला शेजारी जागा करून दिली.

बिरू रोज त्याच्याशी मुद्दाम भांडू लागला. म्हाळप्पा थोडा सावरला. तांब्या नीट धरू लागला, शांत झोपू लागला, कधी बिरूचं म्हणणं खोडूनही काढू लागला. पण गेलेलं सगळं परत आलं नाही. शिवलिंग दुपारची पेढी बंद ठेवून तिथे जाऊन बसे. बाप त्याला ओळखत नसे.

एका दुपारी म्हाळप्पाने त्याच्या ओंजळीत पाणी ओतलं आणि म्हणाला, "दमलेला दिसतोस, बाळ. आमचा शिवलिंगही तुझ्याच वयाचा. कामात असतो, त्याला यायला जमत नाही. कुठं भेटला तर सांग, बाप वाट बघतोय. पण घाई नाही म्हणावं."

"सांगतो," शिवलिंग म्हणाला. पाणी पिऊन त्याने ओंजळ पुन्हा पुढे केली.

तात्पर्य: म्हाताऱ्या माणसाला नुसती गादी आणि दूधभात पुरत नाही, त्याचं मन चार माणसांच्या बोलण्यावर जगतं. ती माणसं मायेपोटीसुद्धा तोडू नयेत, कारण उशिरा जोडायला गेलं तर सगळंच जोडता येत नाही.