बेताने खेळणारा धनेश

सह्याद्रीतल्या एका दाट जंगलात, उंच बेहड्याच्या झाडावर, एक धनेश राहत असे. धनेश म्हणजे भल्यामोठ्या बाकदार चोचीचा पक्षी. मुलांनो, या पक्ष्यांची एक रीत आहे. ती आधी ऐका, म्हणजे पुढचं सगळं नीट कळेल. अंडी घालायची वेळ आली की मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचं तोंड आतून चिखलाने लिंपून टाकते. चोच बाहेर निघेल एवढीच एक फट ठेवते. आत तिची पिसं गळून जातात आणि ती उडू शकत नाही. मग पिल्लं मोठी होईपर्यंत नराने फळं आणायची आणि फटीतून भरवायची. तो आला तर जेवण, नाही आला तर उपास. केवढा हा विश्वास, सांगा बरं!

आपला धनेश या विश्वासाला पुरेपूर उतरणारा होता. ढोलीत त्याची बायको होती आणि दोन पिल्लं होती, एक थोरलं, एक धाकटं. रोज पहाटे तो ओढ्याकाठच्या उंबरावर जायचा, घशात मावतील तेवढी उंबरं साठवायचा आणि घरी येऊन एकेक करून बाहेर काढत सगळ्यांना भरवायचा. दिवसात अशा चार-पाच फेऱ्या व्हायच्या. प्रत्येक फेरीत शेवटचं एक उंबर तो स्वतः खायचा. त्याची तक्रार नव्हती. उलट, आपण किती नेटाने संसार करतो, याचा त्याला जरा अभिमानच होता.

त्या उंबराखाली एका कोल्ह्याने खेळ मांडला होता. कोल्ह्याला उंबरं फार आवडायची, पण झाडावर चढायची बोंब! म्हणून त्याने ही युक्ती काढली होती. सागाचं एक मोठं पान तो जमिनीवर उपडं घालायचा आणि त्याखाली एक किडा सोडायचा. किडा डावीकडून बाहेर येणार की उजवीकडून, एवढंच सांगायचं. बरोबर आलं तर एका उंबराची दोन मिळणार, चुकलं तर लावलेलं जाणार. आणि किडा पानाच्या देठाकडून किंवा टोकाकडून निघाला, तर डाव कोल्ह्याचा. तुम्हाला वाटेल, कोल्हा लबाडी करत असेल. छे! लबाडी कशाला करेल? डाव्या-उजव्याची भांडणं बाकीच्यांनी करायची, देठ आणि टोक कायमचं त्याचं. सगळं अगदी उघड होतं, आणि तरी मुंगूस, साळिंदर, खारी गोलाकार बसून खेळतच होते.

"या धनेशराव," कोल्हा एकदा म्हणाला, "नुसते बघत काय बसलात?"

"मी संसारी पक्षी आहे," धनेश म्हणाला. "मला असलं काही परवडत नाही."

"अहो, संसारी आहात म्हणूनच तर बोलावतो! घरचं उधळणाऱ्यांना मी इथे उभंसुद्धा करत नाही. घरची उंबरं बाजूला ठेवायची, त्यांना हात लावायचा नाही. आपल्या वाटणीचं एक लावायचं. गेलं तर गेलं, पंख झटकून निघायचं. बेताने खेळणाऱ्याचं कधी वाईट होत नाही बघा."

धनेशाला हे अगदी पटलं. एक उंबर, तेही आपल्याच वाटणीचं, यात कोणाचं काय जातंय? त्याने घशातून एक उंबर काढून पानाजवळ ठेवलं. "उजवीकडून," तो म्हणाला. किडा खरोखरच उजवीकडून आला. त्या दिवशी पिल्लांना एक उंबर जास्त मिळालं आणि धनेश दिवसभर खुशीत होता.

मग ते रोजचंच झालं. प्रत्येक फेरीला एक डाव, जास्त नाही. कधी जिंकायचा, बरेचदा हरायचा. पण धनेश नियमाचा पक्का होता हं! हरला की लगेच उडायचा. कोल्हा चारचौघांत त्याचं कौतुक करायचा, "शिका जरा यांच्याकडून! याला म्हणतात जबाबदारी." हे ऐकून धनेशाची मान ताठ व्हायची.

मान ताठ व्हायची खरी, पण पोट रिकामं राहायचं. आपल्या वाटणीचं लावून हरलेल्याने खायचं काय? आठ-पंधरा दिवसांत त्याचे पंख जड झाले. पाच फेऱ्यांच्या चार झाल्या, चाराच्या तीन. धनेश उडताना पंखांचा मोठा आवाज होतो. आत बसलेल्या बायकोला तो आवाज पाठ होता.

"अहो, पंखांचा आवाज असा का येतोय? बरं नाही का?" तिने फटीतून विचारलं.

"काही नाही गं, ऊन वाढलंय," धनेश म्हणाला. त्याने तिला खरं सांगितलं नाही. घरच्या उंबरांना मी हात लावलेला नाही, मग सांगायचं काय, अशी त्याने मनाची समजूत घातली.

आणि मग तो दिवस उजाडला. वैशाखातलं ऊन, उंबराची फळं संपत आलेली. धनेशाने रिकाम्या पोटी फांदी न् फांदी धुंडाळून कशीबशी घसाभर उंबरं जमवली. त्याआधीच्या चार दिवसांत तो एकही डाव जिंकला नव्हता. "आज फिरणार बरं का नशीब," कोल्हा म्हणाला. धनेशाने आपलं एक उंबर लावलं. गेलं. इथेच उडून जायला हवं होतं त्याने. पंख पसरलेही होते. पण पोटात भुकेचा असा काही आगडोंब उसळला होता की त्याला वाटलं, एकदाच, एकच डाव अजून, निदान आपलं तेवढं परत मिळवू. तो खाकरला आणि घशातून दुसरं उंबर बाहेर आलं. हे कुणाच्या वाटणीचं? घशात काही खूण करून ठेवलेली नसते, पोरांनो. आपलं आणि घरचं एकाच जागेतून बाहेर येतं. तेही गेलं. मग तिसरं गेलं.

"धनेशराव, बेताने हं," कोल्हा म्हणाला, आणि बोलता बोलता त्याने किडा पुन्हा पानाखाली सोडला.

इकडे बेहड्यावर दुपार भरली होती. सकाळपासून ढोलीत कुणाच्याही चोचीत दाणा पडला नव्हता. थोरलं चिरचिर ओरडत होतं, धाकटं तर ओरडून ओरडून हैराण झालं होतं. "गप रे बाळांनो, गप, येतीलच बाबा," बायको सारखी म्हणत होती, पण भुकेलं पिल्लू कुणाचं ऐकतं? आणि तो आवाज खाली पाचोळ्यात पडलेल्या एका घोरपडीने ऐकला. तिने मान वर केली आणि खोडाला नख्या रोवून सरसर चढायला सुरुवात केली.

बायकोला नख्यांची खरखर ऐकू आली. एरवी घोरपड झाडाजवळ दिसली तरी धनेश तिच्यावर असा तुटून पडायचा की ती पुन्हा आठवडाभर फिरकायची नाही. आज तो कुठेच दिसत नव्हता. घोरपडीने फटीत नखं घातली आणि वाळलेला चिखल उकरायला लागली. बायकोने आतून तिच्या थोबाडावर चोच मारली. घोरपड मागे सरली, पुन्हा आली. पुन्हा चोच, पुन्हा नखं. चिखलाची ढेकळं खाली पडत होती. उपाशी पोटी, पिसं गळालेली ती पक्षीण एकटी लढत होती आणि मधूनमधून फटीतून ओढ्याच्या दिशेने बघत होती.

उंबराखाली धनेशाच्या घशात शेवटचं एक उंबर उरलं होतं. ते घेऊन घरी कुठल्या तोंडाने जायचं? त्याने तेही पानाजवळ ठेवलं. "डावीकडून," तो म्हणाला. किडा पानाखालून डोकावला, थांबला, आत गेला. सगळे श्वास रोखून बघत होते. किडा डावीकडून बाहेर आला.

एकाची दोन झाली. दोनांची चार झाली. त्या दिवशी धनेशाचं दान असं पडत गेलं की मुंगूस आणि साळिंदर तोंडात बोटं घालून बघत राहिले. उठून जाणार कसा? गेलेली सगळी उंबरं परत आली, वर जास्तीची आली. घसा तुडुंब भरला तेव्हा कुठे तो उठला. सूर्य डोंगराला टेकला होता. पण धनेश आनंदाने वेडा झाला होता. आज सगळ्यांना पोटभर! हरलो नाही, उलट घरात चार घास जास्तच नेतोय!

"अगं, बघ किती आणलीत!" तो लांबूनच ओरडला.

ढोलीचं तोंड निम्मंअधिक फुटलं होतं. बायकोच्या चोचीतून रक्त गळत होतं. थोरलं पिल्लू तिच्या पोटाखाली अंग चोरून बसलं होतं. धाकट्याची जागा रिकामी होती.

"घोरपड आली होती," बायको म्हणाली. "दुपारभर लढले मी. थोरल्याला मागे ढकललं, तेवढ्यात तिने धाकट्याला ओढलं. अहो, कुठे होतात तुम्ही?"

धनेशाने सगळं सांगितलं, पानाचं, किड्याचं, आपल्या वाटणीच्या एका उंबराचं. आणि शेवटी, काय बोलावं ते न सुचून, तो म्हणाला, "पण आज मी जिंकलो गं. गेलेलं सगळं परत जिंकून आणलंय."

बायको म्हणाली, "जिंकलात? मग जा, आणि माझं पिल्लूही परत जिंकून आणा."

थोरलं पिल्लू चोच उघडून बसलं होतं. धनेशाने घशातलं एक उंबर त्याला भरवलं, मग दुसरं, मग तिसरं. पिल्लाचं पोट भरल्यावर तो ओढ्यावर गेला आणि अंधार पडायच्या आत ढोलीचं तोंड लिंपण्यासाठी चोचीतून चिखल आणू लागला.

तात्पर्य : ज्याच्या येण्याकडे घरचे डोळे लावून बसलेले असतात, त्याच्याजवळ पणाला लावण्याजोगं ‘फक्त माझं’ असं काहीच नसतं, म्हणून बेताने खेळलेला जुगारही घरच्यांच्याच जिवावर खेळलेला असतो.