सिद्धांती कोणाला म्हणावं?

"सिद्धांती म्हणजे नेमका कोण? एका वाक्यात सांगा. आणि त्यावर एकाचीही हरकत येता कामा नये!" मानाजीराजांनी फर्मावलं.

झालं! दरबारात अकरा पंडित, आणि अकराही जण नावापुढे 'सिद्धांती' लावणारे. तीन दिवस नुसता कल्ला! एकानं अर्थ सांगितला की उरलेले दहा त्याच्यावर तुटून पडायचे. राजांचं जेवण रोज गार. चौथ्या दिवशी ताट घेऊन आलेली, भाकऱ्या थापणारी चिमा ते ऐकून फिस्सकन हसली.

"हसतेस काय गं?" राजे कडाडले. "मग तूच सांग! उद्या दुपारपर्यंत मुदत. एकानं जरी हरकत घेतली, तर मुदपाकखान्यातली चाकरी गेली समज!"

चिमाच्या घरात खाणारी तोंडं पाच, आणि कमावती ती एकटी!

दुसऱ्या दिवशी तिनं भर दरबारात चूल मांडली. भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला आणि उलथणं पंडितांतल्या थोरल्या नरहरशास्त्र्यांच्या हातात दिलं.

"शास्त्रीबुवा, पाणी सुकलं की उलटा. मी एवढं जळण घेऊन येते."

ती वळली मात्र!

"पाणी सुकलं असं म्हणायचं कधी?" एकानं विचारलं.

"आधी सुकणं म्हणजे काय ते ठरवा!" दुसरा ओरडला.

"भाकरी फुगते ती वाऱ्यामुळं!"

"छे, छे! विस्तवामुळं!"

शास्त्रीबुवा उलथणं नाचवत एकेक मुद्दा खोडत बसले. दरबारभर धूर झाला, राजांना ठसका लागला, पण यांचं चालूच!

चिमा परत आली. तव्यावर निव्वळ कोळसा.

"अगं बया! बघा महाराज. भाकरी उलटायची सोडून ती फुगते कशानं यावर जो भांडतो, तो सिद्धांती!"

"हरकत आहे!" शास्त्रीबुवा उसळले. "भाकरी करपण्याची कारणं तीन. त्यातलं पहिलं..."

"सांगा की! पण आधी तवा तरी उतरवा!" चिमा म्हणाली.

राजे पोट धरून हसायला लागले. "शास्त्रीबुवा, ही हरकत म्हणायची की साक्ष?"

शास्त्रीबुवांनी घाईघाईनं तवा उतरवला.

"बरं चिमा, अर्थ कळला. पण असा माणूस वापरायचा कधी?" राजांनी विचारलं.

"जेवण झाल्यावर, महाराज! उपाशीपोटी तो परवडत नाही!"

राजांच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं. त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून चिमाला दिलं, सगळा मुदपाकखाना तिच्या ताब्यात दिला आणि अकराही पंडितांना महिनाभर तिच्या हाताखाली धाडलं. पहिल्याच दिवशी शास्त्रीबुवांच्या वाट्याला भांडी आली.