गिऱ्ह्याला सांगितलेलं काम

त्या गावात भर दुपारी विहिरीवर कुणी थांबत नसे. रिकामी कळशी काठावर ठेवायची आणि पाठ फिरवायची. पाण्यातलं भूत, गिऱ्हा, ती भरून ठेवी. बायकांना फार बरं वाटे. पण ज्या घरची कळशी तो भरी, त्या घरच्या लेकराचे हात हळूहळू पडवळासारखे लोंबू लागत.

मथुरा गावात नवी. लेकीला, शेवंतीला, ती पाणी शेंदायला शिकवत होती, तोच विहिरीतून थंडगार आवाज आला.

"पोरीला कशाला गं दमवतेस? सांगशील ते काम करतो, गिऱ्ह्याचा शब्द आहे. काम झालं, की हिचे हात माझे."

शेवंतीला पदराआड घेत मथुरा म्हणाली, "एकच काम आहे, बाबा. हिला आणि गावातल्या सगळ्या लेकरांना आपलं आपण पाणी शेंदता आलं पाहिजे."

"हात्तिच्या!" हिरवट हात वर आला आणि भरलेला पोहरा काठावर आदळला.

"अरे, शेंदलंस तू. ही कुठे शिकली?"

गिऱ्ह्यानं पोहरा पुन्हा पाण्यात ओढला. "मग तिलाच ओढू दे."

"ओढेल की! पण तिनं ओढलं, तर तू काय केलंस? आणि हात कशाच्या बदल्यात मागशील?"

दिलेला शब्द गिऱ्ह्याला मोडता येईना, आणि तो पुरा होईपर्यंत दुसरी कळशी भरता येईना.

अजूनही भर दुपारी एखाद्या पोरीच्या हातून दोर निसटू लागला, की खालून कुणीतरी कुजबुजतं, "सोडू नकोस गं. ओढ."